सहा वेळा फासा टाकूनही ६ का पडत नाही?

त्रिज्या: फाशावर ६ पडण्याची संभाव्यता १/६. सहा वेळा टाकला की १/६ सहा वेळा मिळवायचे, उत्तर १. म्हणजे एकदा तरी ६ पडायलाच हवा, पण बरेचदा एकही पडत नाही. बेरीज कुठे चुकते? दुसरी शंका: दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे ११ शक्यता. मग ७ ची संभाव्यता १/११ का नाही?

अपूर्णांक: बेरीज बरोबर आहे, तिचा अर्थ चुकतोय. तो १ म्हणजे सहा दानांत ६ सरासरी किती वेळा पडेल तो आकडा. 'एकदा तरी पडेल' ही वेगळीच गोष्ट. सहा दानांची एक खेप धरली, तर काही खेपांना ६ दोनदा-तीनदा पडतो. तरीही सरासरी १ च राहायची, तर काही खेपा कोऱ्या, म्हणजे एकही ६ न पडता जाणारच.

मोजूनच बघा. सहा दानांचे एकूण क्रम ६ चा सहावा घात, म्हणजे ४६,६५६.
एकही ६ नाही: ५ चा सहावा घात, १५,६२५
नेमका एक ६: ६ × ५ चा पाचवा घात, १८,७५०
दोन किंवा जास्त: उरलेले १२,२८१

म्हणून 'एकदा तरी' = ३१,०३१/४६,६५६, साधारण ६६.५%. प्रश्नात 'एकदा तरी' दिसलं की उलटीकडून जायचं: 'एकदाही नाही' काढा आणि १ मधून वजा करा. संभाव्यतांची नुसती बेरीज फक्त एकाच वेळी न घडणाऱ्या घटनांना चालते. पहिल्या दानात ६ आणि दुसऱ्या दानातही ६ हे दोन्ही घडू शकतं, तिथे ती दुहेरी मोजणी होते.

गणकयंत्र: दुसऱ्या शंकेचं. ११ शक्यता आहेत खऱ्या, पण त्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच वेळा घडणाऱ्या, नाहीत. एक फासा लाल, एक निळा घ्या. निष्पत्ती, म्हणजे दोन आकड्यांच्या जोड्या, ३६. बेरीज २ फक्त (१,१) ने येते, ७ मात्र (१,६), (२,५), (३,४), (४,३), (५,२), (६,१) अशी सहा प्रकारे. म्हणून ६/३६, म्हणजेच १/६.

त्रिज्या: पण दोन्ही फासे हुबेहूब असतील तर (३,४) आणि (४,३) एकच ना?

गणकयंत्र: तुम्हाला ओळखता येत नाहीत म्हणून फासे एक होत नाहीत. रंग पुसला तरी ते तसेच पडणार. गॅलिलिओने उलगडलेलं कोडं याच जातीचं: तीन फाशांत ९ आणि १० दोन्ही बेरजांचे सहा-सहा गट होतात, तरी १० जास्त वेळा का पडतो? कारण ३-३-३ एकाच क्रमाने येतो आणि ३-३-४ तीन क्रमांनी. सगळे क्रम मोजले की २१६ पैकी ९ चे २५, १० चे २७. फरक जेमतेम १ टक्क्याचा. नुसत्या खेळण्यातून तो लक्षात यायला फार चिकाटी लागते!

लंबक: ६६.५% पडताळायचे असतील तर सहा दानांची एक खेप, अशा ५० खेपा करा. साधारण ३३ खेपांत ६ दिसेल. २७ ते ४० मधलं काहीही आलं तरी फाशाला दोष देऊ नका. १० खेपांवरून निष्कर्ष काढू नका.

फासा पेल्यात हलवून टाका. बोटांनी हळूच सोडलेला फासा नीट गडगडत नाही. तिरका पडला किंवा पटाबाहेर गेला तर दान रद्द, हे आधीच ठरवा. आकडा बघून मग 'हे दान धरायचं नाही' म्हटलंत की मोजणी बिघडली. आणि पाच दानं कोरी गेली म्हणून सहाव्याला ६ ची शक्यता वाढत नाही, ती १/६ च.

अपूर्णांक: याच्यापुढचं घरी करून बघा. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात आलेला प्रश्न: एका फाशाच्या ४ दानांत एकदा तरी ६ पडण्यावर पैज फायद्याची (५१.८%), मग दोन फाशांच्या २४ दानांत एकदा तरी ६-६ वर का नाही? ४/६ आणि २४/३६ तर सारखेच दिसतात. ३५/३६ चा चोविसावा घात १ मधून वजा करा: ४९.१%. पंचविसाव्या दानाला ५०.६% होतात.