घरच्या फायली घरातच असाव्यात

धागाकर्ता: सह्यकडा

खासगी कागदपत्रे, छायाचित्रे आणि हस्तलिखिते ऑनलाइन साठवणीच्या हवाली करण्यास माझा विरोध आहे, आणि त्यामागे तंत्राची भीती नसून मालकीचा प्रश्न आहे. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींना मिळून १५ जीबी पुरवावी लागते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आतल्या मजकुरासह काढून टाकण्याचे धोरणही याच कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे आजोबा गेल्यावर त्यांच्या खात्यातले फोटो किती काळ टिकावेत, हे घरच्यांऐवजी कंपनी ठरवणार. माझ्या टेबलावरच्या हार्ड डिस्कला असली अट नाही.

नदीकाठ

अट नाही हे मान्य, पण भरवसा तरी कुठे आहे? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत माझ्या मामांच्या फोटो स्टुडिओत शिरले. ओसरल्यावर त्यांनी हार्ड डिस्क गाळ पुसून उन्हात वाळवल्या, एकेक जोडून पाहिली, पण एकही सुरू झाली नाही. मामांनी प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत काढलेली होती, आणि ती त्याच कपाटात, खालच्या खणात होती. गिऱ्हाइकांना जे थोडे फोटो परत देता आले, ते त्यांनी ऑनलाइन पाठवलेले होते म्हणून.

आडवाट

आगीचेही उदाहरण पाहावे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली साठवणारी 'जी-ड्राइव्ह' ही व्यवस्था जळाली. ८५८ टीबी (टेराबाइट) मजकूर गेला, कारण आकारमान फार मोठे म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. मामांचे कपाट आणि हे केंद्र यांत मला तरी फरक दिसत नाही.

नदीकाठ

फरक आहे. चांगल्या सेवा एकाच फाइलच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. कोरियात तेच झाले नाही.

लेखनिक

आपण सारे सिंक (दोन्हीकडच्या फायली आपोआप सारख्या ठेवणे) आणि बॅकअप (वेगळी जपलेली प्रत) यांची गल्लत करत आहोत. सिंक केलेल्या फोल्डरमधली फाइल इथे पुसली की तिथेही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फायली अडकवणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, कुलूपबंद केलेल्या फायलीही तितक्याच इमानाने वर चढतात. तेव्हा जुन्या आवृत्त्या जपणारी सेवा घ्यावी, आणि आधार, पॅन यांचे स्कॅन एन्क्रिप्ट केल्याशिवाय, म्हणजे किल्लीविना वाचता येणार नाहीत असे केल्याशिवाय, कुठेही चढवू नयेत.

सह्यकडा

यातून माझाच मुद्दा पुढे जातो. मामांची दुसरी प्रत त्याच कपाटाऐवजी पुण्यात, एखाद्या नातेवाइकाकडे असती तर काम भागले असते, आणि कोणाचे मासिक शुल्कही द्यावे लागले नसते.

नदीकाठ

ती डिस्क लग्नसराईत दर आठवड्याला पुण्याला कोण नेणार, तेवढे सांगावे. मामा आता रात्री दुकान बंद करताना अपलोड लावून जातात.