इंडिकेटर एलईडी केले आणि भराभर लुकलुकायला लागले. रेझिस्टर टाकू की फ्लॅशर बदलू?

वाटसरू
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. मागचे दोन्ही इंडिकेटर एलईडी केले. काढलेल्या बल्बवर पीवाय२१डब्ल्यू छापलेलं होतं. पुढचे जुनेच आहेत. आता कुठल्याही बाजूचा इंडिकेटर दिला की दुप्पट वेगाने लुकलुकतो. दुकानदार म्हणतो रेझिस्टर टाका, वायरमन म्हणतो फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी) बदला. कोणाचं ऐकू? शिवाय ब्रेक-टेल (पी२१/५डब्ल्यू), रिव्हर्स (पी२१डब्ल्यू), पार्किंग आणि नंबरप्लेट (दोन्ही डब्ल्यू५डब्ल्यू) हेही बदलायचा विचार आहे. कुठे बदलण्यात अर्थ आहे?

तारजोड
गाडीत काही बिघडलेलं नाही. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, तुमचा एलईडी जेमतेम ०.२ ते ०.४. फ्लॅशरला वाटतं त्या बाजूचा एक बल्ब उडाला, म्हणून तो वेग वाढवून तुम्हाला सांगतो. पण असंच चालवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटरचा वेग मिनिटाला ६० ते १२० आहे आणि तुमचा त्याच्या बाहेर गेला असणार. घड्याळ लावून मोजा.

आधी फ्लॅशर वेगळा आहे का ते शोधा. हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) चालू ठेवून डॅशखाली आणि फ्यूजबॉक्सपाशी कान लावा. टिकटिकणारी तीन पिनांची डबी हाताला लागली आणि ती उपसल्यावर इंडिकेटर बंद पडले, तर वायरमन बरोबर आहे. एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा, रेझिस्टरची गरजच नाही. पिनांची खूण मात्र जुळवून घ्या: बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे लोड, ई म्हणजे अर्थ. काहींवर तेच ४९, ४९ए, ३१ असं असतं. दिसायला सारख्या डब्यांमध्ये बी आणि एल उलटसुलट असतात, तिथेच लोक फसतात. जुन्या दोन पिनांच्या जागी तीन पिनांचा घालायचा तर अर्थची वायर वेगळी ओढावी लागते.

डबी सापडलीच नाही, तर ते काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, करतंय. ते बदलता येत नाही. मग रेझिस्टरच: तो साधारण जुन्या बल्बएवढा प्रवाह ओढतो, म्हणून बल्ब उडाल्यासारखं वाटत नाही.

दिवेलागण
रेझिस्टरबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त जळकी कामं इथेच होतात.

माप ६ ओहम, ५० वॅट, सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातला. बदललेल्या प्रत्येक २१ वॅटच्या बल्बमागे एक, म्हणजे तुम्हाला आत्ता दोन. तो बल्बला समांतर जोडायचा: एक टोक इंडिकेटरच्या वायरला, दुसरं अर्थला. ओळीत जोडलात तर एलईडी मंद पेटेल आणि लुकलुकणं तसंच राहील. वायर रंगावरून ठरवू नका. इंडिकेटर देऊन टेस्ट लॅम्प लावा, जिच्यावर तो उघडझाप करेल ती तुमची.

इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर या रेझिस्टरमध्ये ३३ वॅटच्या आसपास उष्णता होते. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो म्हणून सरासरी १६. तरी हॅझर्ड दहा मिनिटं चालू राहिला तर हात लावता येत नाही. ५० वॅट हा आकडा धातूवर घट्ट बसवला तरच खरा. डिकीतलं अस्तर बाजूला करून उघड्या पत्र्यावर दोन स्क्रूने आवळा, खाली थर्मल पेस्ट. प्लास्टिक, अस्तर आणि वायरींचा जुडगा यांपासून वीतभर लांब. वायरीला झिप टायने लटकवलेला रेझिस्टर काही दिवसांत तिचंच इन्सुलेशन वितळवतो.

निळ्या चिमट्याच्या टॅप कनेक्टरने वायरीचे धागे तुटतात आणि पावसाळ्यात तिथे हिरवा गंज धरतो. सोल्डरने डाग द्या, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. अर्थच्या स्क्रूखालचा रंग खरवडून काढा.

एक तोटा लक्षात ठेवा: यानंतर एलईडी बंद पडला तरी डॅशवरचा बाण नेहमीच्याच वेगाने लुकलुकेल. महिन्यातून एकदा गाडीला फेरी मारून दिवे बघायची सवय लावा.

अंबरदीप
वरच्या दोघांनी वीज सांगितली, पण बाहेरून दिसतं काय हे जास्त महत्त्वाचं. तुमचा बल्ब पीवाय, म्हणजे काच नारिंगी आणि भिंग पारदर्शक. तिथे नारिंगी एलईडीच हवा. भिंगच नारिंगी असलं तरीही पांढरा घालू नका, प्रकाश फिकट पिवळट होतो आणि उन्हात कळतच नाही. तसंच लाल भिंगामागे लाल एलईडी.

पीवाय२१डब्ल्यूच्या दोन खुंट्या १५० अंशांवर असतात, साध्या पी२१डब्ल्यूच्या समोरासमोर. ११५६ नावाने विकला जातो तो समोरासमोरचा. खुंटी कानशीने घासून बसवून देणारे आहेत, त्यांच्याकडून बसवू नका. बल्ब तिरका बसतो, सैल होतो.

रिफ्लेक्टर जुन्या फिलामेंटच्या जागेचा हिशोब करून घडवलेला असतो. फक्त टोकाला चिप असलेला एलईडी मागे रिफ्लेक्टरवर प्रकाश टाकतच नाही: मध्ये टोचणारा ठिपका आणि बाजूने अंधार. चहूबाजूंनी चिपा असलेला, लांबीने मूळ बल्बएवढा घ्या. मग एक बाजू जुनी, एक नवी ठेवून भर उन्हात दहा पावलांवरून आणि ४५ अंशांतून बघा. नवी फिकी दिसली तर जुना बल्ब परत घाला.

बाकीच्यांचं थोडक्यात:
नंबरप्लेट, पार्किंग: खुशाल करा. डब्ल्यू५डब्ल्यू पेटला नाही तर उलटा फिरवून घाला, बहुतेकांना धन-ऋण असतं.
रिव्हर्स: सगळ्यात फायद्याची जागा, विशेषतः काचांना फिल्म असेल तर.
ब्रेक-टेल: सगळ्यात जोखमीची. जुन्या बल्बमध्ये ५ आणि २१ वॅटचा फरक ठसठशीत असतो. स्वस्त एलईडीत टेलच इतका भगभगीत की ब्रेक दाबल्याचं मागच्याला उमजत नाही. माझं मत: तो फरक चांगला दिसणारा बल्ब मिळाला नाही तर हात लावू नका.

वाटसरू
आभार. टिकटिकणारी डबी सापडली, तीन पिना, बी-एल-ई. फ्लॅशर आणतो. पुढचे पण एलईडी केले तर आणखी काही?

तारजोड
डॅशवर डावा-उजवा असे दोन वेगळे बाण आहेत ना? असतील तर काही नाही. एकच दिवा दोन्ही बाजूंना सामाईक असेल, तर त्यातून प्रवाह पलीकडे जाऊन चारही एलईडी लुकलुकतात. मग त्या दिव्याचं एक टोक अर्थला न्यायचं आणि दुसऱ्या टोकाला दोन १एन४००७ डायोड लावायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून, पट्टीची बाजू दिव्याकडे.

दिवेलागण
आणि पुढच्या भिंगाचं रबर तपासा. जुना बल्ब गरम व्हायचा म्हणून आतला दमटपणा सुकायचा, एलईडी तेवढा तापत नाही. रबर कडक झालं असेल तर पावसाआधी बदला, नाहीतर भिंगात बाष्प साचून राहील.