गवती छपराखाली ताडपत्री घातली, गवत कुजलं. काय चुकलं?

कोयनाकाठ (प्रश्न): पाटण तालुक्यातलं जुनं गवती घर. कारवीच्या काठ्यांचा कूड (भिंत), घराची रुंदी 12 फूट, कुडाच्या माथ्यापासून आढं (छपराच्या शेंड्याचं आडवं लाकूड) 4 फूट वर. मागच्या शाकारणीला (छपरावर नवं गवत घालताना) कांबट्यांवर (बांबूच्या आडव्या पट्ट्यांवर) ताडपत्री अंथरून वर भाताचा पेंढा घातला. दोनच पावसाळ्यांत खालचा थर काळा पडला, मुठीत धरला की चुरा होतो. आढ्यालगत गळतंही. पत्रा घालायचा नाही. काय बदलावं?

मेढवासा (उत्तर): ताडपत्री चुकलीच, पण आधी उतार बघा. अर्ध्या रुंदीत, 6 फुटांना, 4 फूट चढ म्हणजे जेमतेम 34 अंश. गवताला 45 तरी लागतात, तुमच्याकडच्या पावसाला 50 बरे. पाणी काडीवरून काडीवर निथळत वळचणीला (छपराच्या खालच्या कडेला) आलं पाहिजे. उतार कमी पडला की ते थरातच मुरतं. आढं 3 फूट उचला. मधल्या मेढी (खांब) तेवढ्या उंच लागतील, आणि 2 फुटांची वळचण धरून वासे सव्वाअकरा फुटांचे. जुने वासे पडवीला वापरा.

आता ताडपत्री. छपराला दोन्ही अंगांनी वाळावं लागतं: वरून वाऱ्यानं, आतून चुलीच्या उबेनं. वासे-कांबट्यांवर धुराची काजळी धरते, म्हणून भुंगा लवकर लागत नाही. ताडपत्रीनं ऊबही अडवली, धूरही. काढूनच टाका.

आता शाकारणी. पेंढा मऊ, तो दोन वर्षांवर टिकत नाही. डोंगरउताराचं उंच, ताठ दांड्याचं गवत घ्या. दिवाळीनंतर, बी झडल्यावर कापा, खडखडीत वाळवा आणि झोडून पाला काढा. ओल पालाच धरतो. सुरुवात वळचणीपासून, पहिला थर दुहेरी, बुडखे खाली. पुढच्या थरानं आधीचा दोन-तृतीयांश झाकला पाहिजे. दाबून जाडी 9-10 इंच. बोटं सहज आत शिरली तर आवळणं कमी पडलंय. बांधायला काथ्या, तार गंजते आणि बांबूला काचते. आढ्यावरचं गवत दोन्ही पाखांवर (उतारांवर) हातभर उतरवून वरून बांबूनं दाबा. बाकी छप्पर चांगलं असलं तरी आढं दर वैशाखात बघायचंच.

आता जोतं. मेढी नव्या बसवणारच आहात तर बुडं मातीत पुरू नका, दगडावर ठेवा. जमिनीलगतच्या वीतभर भागातच लाकूड कुजतं आणि वाळवीही तिथूनच चढते. मात्र दगडावरची मेढ वाऱ्यात हलते, कोपऱ्यांना तिरके आधार हवेतच.

कुडाला सिमेंटचा गिलावा नको, आतली कारवी सादळते. माती, शेण, बारीक भुसा पुरे. कारवी वनखात्याच्या हद्दीतली असेल तर परवानगी आधी काढा, पावसाच्या तोंडावर धावपळ होते.