'कोप अप विथ' मधला 'अप' आला कुठून?

काल एका मेलमध्ये मी 'कान्ट कोप अप विथ द वर्कलोड' असं लिहिलं. लंडनच्या सहकाऱ्याने उत्तरात तेच वाक्य वापरलं, पण 'अप' गुपचूप गाळून. 'पुट अप विथ' चालतं, मग 'कोप'नेच काय घोडं मारलंय?

*

तो 'अप' आपला देशी आहे. पुट अप विथ, कीप अप विथ, कॅच अप विथ ही आपल्या तोंडात इतकी बसलीत, की त्याच पंगतीत आपण 'कोप'लाही बसवतो. भारतात सर्रास चालतं, म्हणून खटकत नाही.

पण 'अप' आणि 'विथ' एका जातीचे नाहीत. 'विथ' पुढच्या नामाचा, आपल्या 'शी' किंवा 'बरोबर'सारखा. फक्त आपले नामाच्या मागून येतात. 'अप' क्रियापदाचा. 'पुट' म्हणजे ठेवणे, पण 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. यातला 'अप' काढलात तर हाती काहीच उरत नाही. 'कोप'चा अर्थ मात्र मुळातच निभावून नेणे. तिथे 'अप'ला कामच नाही.

कोण कुणाचा हे ओळखायला नामाच्या जागी 'इट' घालून बघा. 'रन अप अ बिल' म्हणजे बिल वाढवून ठेवणे, 'रन अप अ हिल' म्हणजे टेकडी पळत चढणे. दिसायला जुळी भावंडं. पण बिलाचं होतं 'रन इट अप', टेकडीचं 'रन अप इट'. 'इट' मध्ये शिरलं तर 'अप' क्रियापदाचा, 'अप'च्या नंतर आलं तर तो नामाचा. तसंच 'टर्न इट ऑफ', पण 'लुक आफ्टर इट'. यादी पाठ करण्यापेक्षा हे बरं.

*

मला यात मराठी दिसतं. 'खा' आणि 'खाऊन टाक', 'ईट' आणि 'ईट अप'. 'टाक'मध्ये फेकणं नाही आणि 'अप'मध्ये 'वर' नाही; दोन्ही ताट रिकामं करायला सांगतात. 'बोलून बसलो'मधला पस्तावा मात्र इंग्रजीत एका 'अप'-'आउट'ने आणून दाखवा!

*

'यूज अप', 'ड्राय अप'पर्यंत हे पटतं. पण 'शो अप'? पाहुणा उगवतो, त्यात संपवून टाकण्यासारखं काय आहे? तेव्हा 'अप' म्हणजे 'टाकणे' असं समीकरण नको.

बाकी आपण एकटे नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जास्त त्रास क्रियापद आणि 'अप'-'आउट'च्या या जोड्यांचा होतो. या जोड्यांना मिळालेलं 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव त्या मानाने अलीकडचं. निबंधकार लोगन पिअरसॉल स्मिथने ते १९२५च्या पुस्तकात वापरलं, आणि त्याला ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

*

धन्यवाद, 'अप' गाळला. आता बायोडेटात 'पास्ड आउट इन २०१९' आहे, तेही काढू का?

*

परदेशी पाठवणार असाल तर 'ग्रॅज्युएटेड' करा. तिकडे 'पास आउट' म्हणजे बहुधा बेशुद्ध पडणे. लष्करात मात्र इंग्लंडमध्येही चालतं, आणि खडकवासल्याला एनडीएची 'पासिंग आउट परेड' होतेच. उन्हात एखादा कॅडेट कोसळला तर दोन्ही अर्थ एकाच मैदानावर.