आधी फुकटातली खेळा

नवा पीएस ५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) घेतलाय, फुटबॉल सोडून काय खेळू, असं विचारलंत म्हणून सांगतो. खिशात हात घालण्याआधी ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ संपवा, ती कन्सोलमध्येच येते. गेममध्ये पाऊस लागला की थेंबांची टपटप हातातल्या कंट्रोलरमधून तळहाताला जाणवते. गेममधल्या स्प्रिंगच्या पोशाखात तर ट्रिगर (कंट्रोलरच्या मागचं बटण) दाबायला बोटाला खरंच जोर लावावा लागतो. गोष्ट हवी असेल तर २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’, बापलेकाचं नातं आणि हाणामारी दोन्ही झकास. जोडीला कोणी बसणार असेल तर ‘इट टेक्स टू’, ती एकट्याने खेळताच येत नाही. गाड्यांसाठी ‘ग्रान टुरिस्मो ७’, पण तिला बहुतेक ठिकाणी इंटरनेट लागतं. ‘एल्डन रिंग’ मात्र इतक्यात नको, इतकी अवघड आहे की कंट्रोलर फेकून द्याल! आणि डिस्कवाला कन्सोल असेल तर डिस्कच घ्या, नंतर विकता येते.