एमआरआय नॉर्मल असला तरी
वयस्कर माणसांच्या विसरण्याबद्दलच्या या चर्चेत 'मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे वयाचाच विसरभोळेपणा' असं कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. अल्झायमरच्या सुरुवातीला एमआरआय नॉर्मल दिसू शकतो. सासूबाईंना न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर घड्याळाचं चित्र काढून त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवायला सांगितली. त्यांनी सगळे आकडे उजवीकडेच दाटीवाटीने लिहिले आणि मिनिटकाटा दोनऐवजी नेला दहावर. आम्ही गप्पच झालो.

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. वारंवार लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, सर्दीची क्लोरफेनिरामाइन यांनी विसर वाढतो, शिवाय डोनेपेझिल (अल्झायमरमध्ये स्मरणशक्तीसाठी देतात ती गोळी) चालू असेल तर त्याच्या नेमकं उलट काम होतं. सासूबाईंची लघवीची गोळी डॉक्टरांनी बदलली. आजार गेला नाही, पण संध्याकाळचा गोंधळ बराच कमी झाला. स्वतःहून मात्र काहीही बंद करू नका. बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्याच.