सोमवारी योगवर्गाचा पहिला दिवस : घालू काय आणि नेऊ काय?

पायमशीन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, अशोक चौकाच्या मागच्या अंगाला राहते. वय ५६. गेली २२ वर्षं घरी शाळेचे गणवेश शिवते. कापलेला माल गठ्ठ्याने येतो, मी शिवून, काजं-बटणं करून परत देते. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर वाकलेली असते, त्यामुळे मान आखडते आणि सकाळी उठताना उजवा गुडघा धरतो. डॉक्टर म्हणाले, झीज थोडीच आहे, योग शिका, पण शिकवणाऱ्याला सगळं सांगून शिका. म्हणून घराजवळच्या मंगल कार्यालयातला सकाळी सहाचा वर्ग लावलाय. पैसेही भरले. सोमवारपासून जायचं.

अडचण आहे कपड्यांची. मी जन्मभर साडीच नेसले. पंजाबी ड्रेस शेकड्यांनी शिवले असतील, अंगात एकदाही घातला नाही. पुण्याहून लेक म्हणाली, "आई, लेगिंग आण, सगळ्या तेच घालतात." नवी पेठेत जाऊन बघून आले. कापड बोटांत धरून ताणलं तर पलीकडची बोटं दिसायला लागली. वर्गाला पुरुषही असतात. मला ते घालून वाकता येणार नाही. म्हणजे अंग वाकेल, पण मन सारखं मागे जाईल की काही दिसत तर नाही ना.

तर विचारायचं असं. साडी नेसून योग होतो का? दुकानदाराने बाराशेची मॅट दाखवली, ती लागतेच का? घरात चार सोलापुरी चादरी पडून आहेत. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढावी लागतात का? जोडवी लग्नापासून बोटांतून निघालेली नाहीत. आणि पहाटे उठल्यावर चहा घेतल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही, तो चालेल का? ज्या पहाटे नळाला पाणी येतं त्या दिवशी तर मी चारपासून उठलेली असते.

तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा. दुकानदाराचं ऐकून झालंय.

विजापूर रोड

काकू, पहिल्या दिवशी मी टेरिकॉटची पँट आणि पट्टा घालून गेलो होतो. पोटावर झोपायला सांगितलं तेव्हा बक्कल पोटात रुतलं आणि खिशातली गाडीची किल्ली मांडीखाली आली. पुढचा अर्धा तास लक्ष तिथेच. दुसऱ्या दिवसापासून बिनखिशाचा सुती पायजमा. खिशात काही ठेवू नका, मोबाइल पिशवीत आवाज बंद करून. बाकी हॉलच्या दारात चपला काढल्या की पुढे सगळं अनवाणीच असतं, मोजे नकोत, फरशीवर सटकतात.

जुळे सोलापूरची

ताई, मी अकरा वर्षं महिलांचे वर्ग घेते. तुमच्यासारख्या साडीतल्या बायका माझ्याकडे दर महिन्याला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साडी नेसून योग होतो. बसून करायचा प्राणायाम, मान-खांद्यांच्या हालचाली, ताडासन यांना काही अडत नाही. अडतं ते पाय फाकवताना आणि उताणं झोपून पाय वर घेताना. निऱ्या पायाखाली येतात, एक हात कायम पदर सांभाळण्यात गुंततो. पिना लावल्या असतील तर त्या टोचतात, झोपताना तर खांद्याची पिन उघडलेली मी स्वतः पाहिली आहे. पतंजलींच्या योगसूत्रात आसनाची व्याख्या तीन शब्दांची आहे, स्थिर, सुख, आसन. स्थिरसुखमासनम्. पदर सावरत असताना ना स्थिर होता येतं ना सुख मिळतं. म्हणून सैल सलवार किंवा पायजमा आणि वर सुती कुर्ता. लेगिंगची सक्ती कुठेच नाही. मात्र कुर्ता फार लांब नको. गुडघ्यांवर आलं की पुढचा घेर गुडघ्याखाली अडकतो आणि मान खाली ओढली जाते. फार सैल गळाही नको, ओणवं झाल्यावर उघडा पडतो. ओढणी आणली तर बाजूला घडी करून ठेवा, तिचा दुसरा उपयोग खाली सांगते.

घरी एक करून बघा. तो ड्रेस घालून आरशासमोर ओणव्या व्हा, मांडी घाला, उताणं झोपून दोन्ही पाय भिंतीला टेका. तीनही वेळा हात कपड्याकडे गेला नाही तर तो ड्रेस बरोबर.

मंगळसूत्र लांब असेल तर ते ब्लाउजच्या आत घ्या, नाहीतर ओणवं झाल्यावर हनुवटीवर येतं. काचेच्या बांगड्या घरीच ठेवा, हातावर भार घेताना फुटल्या तर मनगटात जातात. जोडवी काढायलाच हवीत असं नाही, पण पायाची बोटं मुडपून बसताना दुखलं तर लगेच सांगा, बोटं सरळ ठेवून बसायची रीत आहे. अंबाडा आणि मोठा चाप नको, शवासनात डोकं तिरकं होतं. वेणी घाला आणि ती बाजूला घ्या.

पोटाचं म्हणाल तर पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जायला हवेत. सकाळी सहाला तुम्ही रिकाम्या पोटी असणार, तेच उत्तम. अर्धा कप चहा अर्धा तास आधी घेतलात तर मी तुम्हाला परत पाठवणार नाही. पण भाकरीचा तुकडा नको. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा घरून निघताना पाणी पिऊन या आणि बाटली जवळ ठेवा. मध्ये घोट-घोट चालतं, गटागटा नको.

सगळ्यात महत्त्वाचं न्यायचं ते पिशवीत मावत नाही. शिकवणाऱ्याला वर्ग सुरू होण्याआधी, बाजूला घेऊन, गुडघ्याचं सांगा. रक्तदाब, काचबिंदू, चक्कर, हर्निया, पोटाचं ऑपरेशन यातलं काही असेल तर तेही सांगा. रक्तदाब आणि काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली जाणारी आसनं टाळायची असतात. गुडघ्यामुळे वज्रासनात एकदम बसू नका. मांडी आणि पोटरीच्या मध्ये घडी केलेली चादर घेतली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. तरीही दुखलं तर खुर्ची मागा. खुर्चीवर बसून शिकणं हाही योगच आहे, त्यात कमीपणा मानणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि मला फार वाईट वाटतं.

ओढणीचा उपयोग : उताणं झोपून पाय वर घेताना ती तळव्याला अडकवून दोन्ही टोकं हातात धरायची. पुण्याच्या अय्यंगार परंपरेत याच कामाला पट्टा वापरतात, शिवाय घोंगड्या, लाकडी विटा, खुर्च्या. अंग जिथे पोचत नाही तिथे वस्तू पोचवायची.

चादरवाले

चादरीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात दोन पिढ्या माग चालले.

ताई, तुमच्या चारपैकी जी सगळ्यात जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली असेल ती न्या. सुती जॅकार्ड चादर, दोन्ही अंगांनी नक्षी, घाम पिते. नवीला खळ असते, ती फरशीवर सरकते. आणि बाजारात पॉलिस्टर मिसळलेला बाहेरचा मालही सोलापुरी म्हणून खपवला जातो, तो तर मुळीच नको. ओळखायला सोपं आहे, टोकाचा एक दोरा काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी होते.

पण नुसती चादर गुळगुळीत फरशीवर उभ्याने करायच्या आसनांना नको. पाय घसरला तर गुडघ्यावर येईल. खाली सतरंजी घ्या किंवा उभं राहताना चादर बाजूला करून सरळ फरशीवर उभं राहा. चादरीचं खरं काम बसायला आणि झोपायला. चौघडी करून बुडाखाली घेतली की मांडी घातल्यावर गुडघे खाली येतात, कंबर आपोआप ताठ होते.

जुळे सोलापूरची

चादरवाले बरोबर सांगतायत. मॅट घ्यायचीच झाली तर महिनाभर वर्ग केल्यावर घ्या. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, जाडी ४ ते ६ मिलिमीटर. गादीसारखी जाड घेतलीत तर वृक्षासनात एका पायावर तोल जातो. नवी मॅट ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, मग पकड येते.

पायमशीन

सोमवारी जाऊन आले. तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

रविवारी दुपारी स्वतःसाठी पायजमा शिवला. गणवेशाच्या कामातलं उरलेलं सुती कापड होतं, गडद निळं, शाळेच्या स्कर्टचं. आम्हा शिवणाऱ्यांच्या भाषेत पायजम्याच्या बैठकीच्या मापाला आसन म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांची आसनं मोजली, परवा पहिल्यांदा स्टुलावर बसून माझं मोजलं. नेहमीपेक्षा दीड इंच जास्त धरलं आणि दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा जोडला, त्यामुळे मांडी घालताना शिवण ताणली नाही. घरी तीनही गोष्टी करून बघितल्या. भिंतीला पाय टेकले तेव्हा रुंद मोहरीचे पाय गुडघ्यापर्यंत घसरले. उसवलं, मोहरी कमी केली.

एक चूक राहिली. नाडीची गाठ मी बरोबर बेंबीखाली बांधली होती. भुजंगासनाला पोटावर झोपल्यावर ती अशी टोचली की श्वास घ्यायला जड गेलं. उठून गाठ डाव्या कुशीला सरकवली. पुढच्या पायजम्याला मागून इलास्टिक आणि पुढे सपाट पट्टी लावणार आहे.

बाईंना आधीच बाजूला घेऊन गुडघ्याचं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली आणि रांगेतच ठेवली, कोपऱ्यात नाही. चादर माझ्या सासूबाईंची होती, लाल-पांढरी, एका कडेला झिजलेली. बसायला घडी करून घेतली, शेवटी शवासनात अर्धी गुंडाळी गुडघ्यांखाली आणि अर्धी पायांवर. डोळे मिटल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की माझे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, मशीनवर नसतानासुद्धा. ते खाली यायला किती वेळ गेला! आले तेव्हा डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, का ते मलाही माहीत नाही.

जोडवी राहू दिली. बोटं सरळ ठेवली. चहा वर्गानंतर घेतला.

विजापूर रोड

काकू, फार बरं वाटलं वाचून. आमच्या आईलाही साडीमुळे वर्गाला यायचा संकोच वाटतो. त्या पायजम्याची मापं द्याल का? ती स्वतः शिवते.

पायमशीन

देते की. कापड सुतीच घ्या, पॉपलीन चालेल, शिवण्याआधी भिजवून वाळवा म्हणजे नंतर आटणार नाही. स्टुलावर ताठ बसवून कमरेपासून स्टुलाच्या पाटापर्यंत माप घ्या, त्यात नेहमीच्या सैलपणावर दीड इंच वाढवा. बैठकीचा घेर मोजून त्यात सहा इंच सैल ठेवा. मधला तुकडा चार इंच चौरस, तिरका लावायचा. मोहरी गोल १३ इंच, पण आधी आईंच्या टाचेवरून टेप फिरवून बघा, पाऊल आत जायला हवं. लांबी घोट्याच्या वर दोन बोटं. पाय जोडताना दुहेरी शिलाई मारा. कुर्ता मांडीच्या अर्ध्यापर्यंत आणि बाजूचा कट कमरेपासून सहा बोटं खाली सुरू करा, त्याच्या वर नको.